डेल्टा ब्लूज की हिल कंट्री ब्लूज? पाचव्या बारवर कान ठेवा

ब्लूज गाणारा गिटारवादक फ्रेड मॅकडॉवेल याची अर्हूली या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवरची १९६४ सालची एलपी पाहिली, तर तिचं नावच ‘मिसिसिपी डेल्टा ब्लूज’. मॅकडॉवेल जन्मला टेनेसीत आणि राहिला अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या कोमो गावात. कोमो डेल्टात येत नाही, ते डेल्टाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांच्या पट्ट्यात, म्हणजे हिल कंट्रीत आहे. ज्या लेबलनं हे संगीत जिवापाड जपलं त्याच्याच कव्हरवर ही गफलत, मग दोन्ही ढंग एकच समजणाऱ्या आजच्या प्लेलिस्टना काय बोल लावायचा?

आधी भूगोल. इथे डेल्टा म्हणजे नदीचं मुख नव्हे. मुख खूप खाली, लुईझियानात. ब्लूजवाले ज्याला डेल्टा म्हणतात तो मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला गाळाचा सपाट पट्टा, ढोबळमानाने मेम्फिसपासून विक्सबर्गपर्यंत. तिथे कापसाचे अवाढव्य मळे होते आणि मळ्यांवर वाट्याने राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं. डेल्टा ब्लूजचा जुना गायक-गिटारवादक चार्ली पॅटन वाढला तो डॉकरीचा मळा इथलाच. पूर्वेला जमीन उंचसखल होते आणि शेतं लहान होतात. सेनाटोबिया, कोमो, होली स्प्रिंग्ज ही हिल कंट्रीची गावं. तिथे गिटारच्या जोडीला आणखी एक जुनी परंपरा टिकून राहिली: वेताची बासरी आणि ढोल. ओथा टर्नर २००३ साली वारला तोवर ती वाजवत होता आणि त्याची नात शार्डे थॉमसने ती पुढे चालवली. हिल कंट्रीच्या गिटारमधला ठेका ऐकताना हे ढोल कानात असू द्यावेत.

आता मुख्य कसोटी. गायकाने पहिली ओळ सुरू केली की एक-दोन-तीन-चार असं मोजायला लागा; चार मात्रा मोजल्या की एक बार. चार बार झाले की पाचव्यावर काय होतं ते ऐका. डेल्टातल्या बहुतेक गाण्यांत तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलते. गाण्याच्या मूळ सुरावरची ती पहिली कॉर्ड, तिथून चौथ्या आणि पाचव्या सुरावरच्या त्या चौथी आणि पाचवी. आराखडा बारा बारचा: पहिली कॉर्ड चार बार, चौथी दोन, पुन्हा पहिली दोन, मग पाचवी एक, चौथी एक आणि शेवटी पहिली दोन. जुने वादक तो घट्ट पाळत नसत. कुणाचा फेरा साडेअकरा बारचा, कुणाचा तेराचा. तरी कॉर्ड बदलणार याची चाहूल लागते. हिल कंट्रीत पाचवा बार येतो आणि जातो, काहीच होत नाही. तीच कॉर्ड, तोच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, पाच-सहा मिनिटं.

एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका. जॉन ली हूकर क्लार्क्सडेलच्या भागातला, म्हणजे डेल्टाचा, आणि त्याची कितीतरी गाणी एकाच कॉर्डवर चालतात. पॅटनकडून शिकलेल्या हाउलिन वुल्फचंही तसंच. म्हणून दुसरी कसोटी लावायची: गिटार गायकाची वाट बघते का? डेल्टात ओळ साधारण दोन बारांत संपते आणि उरलेल्या दोन बारांत गिटार तिला उत्तर देते. सवाल-जवाबच तो. हिल कंट्रीत रिफ कुणासाठी थांबत नाही. आर. एल. बर्नसाइड किंवा ज्युनिअर किंब्रो मनाला येईल तेव्हा शब्द घेऊन त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. रिफ मोजून नव्हे, नाचणारे दमेपर्यंत चालतो. ‘यांना कॉर्ड बदलता येत नाहीत’ असं म्हणणाऱ्याला हे संगीत कशासाठी आहे तेच कळलेलं नसतं.

मग बारा बार हाच ब्लूजचा नियम का ठरला? एक कारण असं, की या दोहोंत रेकॉर्ड आधी डेल्टाच्या निघाल्या. पॅटनने १९२९ मध्ये पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी, डेल्टाच्याच रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये टेक्सासात ध्वनिमुद्रण केलं. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात गाणं आटपायचं तर ठरलेला आराखडा सोयीचा पडतो. पुढे पॅरामाउंटच्या तबकड्या ज्यांवरून छापल्या त्या मूळ साच्यांचा मागमूस उरला नाही. पॅटन आज ऐकू येतो तो हौशी संग्राहकांनी घरोघर फिरून मिळवलेल्या झिजक्या तबकड्यांमुळे. हिल कंट्रीकडे त्या काळी कंपन्या जवळपास फिरकल्याच नाहीत. मॅकडॉवेल पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो १९५९ मध्ये, लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सच्या टेपवर. अर्हूलीवाला ख्रिस श्ट्राखविट्झ १९६४ मध्ये आला, बर्नसाइडला १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रण करत फिरणाऱ्या जॉर्ज मिचेलने गाठलं आणि १९९०च्या दशकात मिसिसिपीतल्याच ऑक्सफर्ड गावच्या फॅट पॉसम या छोट्या लेबलने बर्नसाइड-किंब्रो जगभर नेले. सगळे स्वतंत्र, खिसा बेताचा. एक परंपरा लाखेच्या तबकडीवर जगली, दुसरी टेपवर. म्हणून खरखर म्हणजे अस्सल ही समजूत सोडा. ती खरखर झिजेची आहे.

मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमुळे अनेकांचा कान गिटारवादक बडी गायच्या शिकागो ढंगावर तयार झालाय. तो ढंग डेल्टातून स्थलांतरितांबरोबर उत्तरेला गेला. त्यामुळे हिल कंट्री वाजवायला बसलं, की हात आपसूक पाचव्या बारवर चौथ्या कॉर्डकडे जातो. तो रोखायचा.

डेल्टाची स्लाइड, म्हणजे बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवणं, शिकायची तर ओपन जी ट्यूनिंगपासून सुरुवात करा: तारा न दाबताच जी कॉर्ड वाजेल अशी ही जुळणी. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. मधल्या तिन्ही जशाच्या तशा. स्वराच्या जरा खाली जाऊन मग वर चढवत लावा, वरून खाली आणून सोडलेली तार वाजवताना आणखी उतरते. ओपन ए हवं असेल तर तीन तारा चढवण्याऐवजी ओपन जीमध्येच दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. जाड तारांचा ताण वाढवला, की तार तुटते नाहीतर ब्रिज उचलला जातो. तारा .०१३च्या (इंचांत, सर्वांत बारीक तारेची जाडी), बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची ३ मिमीच्या आसपास. तारा याहून फार खाली असतील तर स्लाइड फ्रेटवर आपटून खडखडते. काच फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर ठेवायची, दाबायची नाही, आणि तिच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकवायची, नाहीतर मागचा अर्धा भागही गुणगुणतो. तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे, चौथ्याच्या अलीकडे जो सूर लागतो तोच ब्लूजचा ‘तिसरा’. नवशिके तो नेमका फ्रेटवर लावतात आणि सगळं गुळगुळीत होतं.

हिल कंट्रीचं काम अंगठ्याचं. तळव्याची कड ब्रिजपाशी टेकवून खालच्या सुराची तार दर मात्रेला दबक्या आवाजात वाजवा, बोटांनी वरच्या तारांवर रिफ. तिसऱ्या मिनिटाला मनगट आखडतं आणि लय पळायला लागते. तेव्हा जोर कमी करा, वेग नाही. मधेच लीड सोलो घालू नका.

बँडमध्ये वाजवत असाल तर लक्षात घ्या, की बर्नसाइडच्या गाजलेल्या त्रिकुटात बास नव्हताच: तो स्वतः, दुसऱ्या गिटारवर केनी ब्राउन आणि ड्रमवर नातू सेड्रिक. तुमच्याकडे बासवाला असेलच, तर त्याने अंगठ्याचीच तार धरावी आणि पाचव्या बारवर जागचं हलू नये.