पिल्लाची निवड

पिल्लाची निवड : कुत्रीच्या एका वेतात जन्मलेल्या पिल्लांमधून पाळण्यासाठी एखादे पारखून घेणे. वेतात जातीनुसार दोन-तीनपासून दहा-बारापर्यंत पिल्ले असतात. त्यांची आई एक असते. बाप मात्र एकच असेल असे नाही. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कुत्रीच्या एकाच वेतात वेगवेगळ्या नरांची पिल्ले असू शकतात. निवड म्हटली की टोपलीपाशी बसून ‘हे की ते’ ठरवण्याची घटका डोळ्यांपुढे येते. पण त्या घटकेपर्यंत बरेच काही ठरून गेलेले असते : आई कोणती, ती कुठे व्याली, पिल्लांचे पहिले दोन महिने कोणाच्या हाताखाली गेले. म्हणून पिल्लू निवडण्याआधी वेत निवडावे.

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. जन्मलेले पिल्लू आंधळे-बहिरे असते. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, पाठोपाठ कान. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात फुटू लागतात आणि तिथून सुमारे १२ ते १४ आठवड्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा. या दिवसांत जे पाहिले, ऐकले, हुंगले ते त्याला पुढे आपले वाटते. जे भेटलेच नाही त्याची धास्ती राहते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला व १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. त्याच प्रयोगशाळेतील १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले उंच कुंपणाच्या शेतात, माणसाचा सहवास न लाभू देता वाढवली होती. त्यांतील काहींना ठरावीक वयात आठवडाभर माणसांत आणले गेले. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही ती पिल्ले रानातल्या जनावरासारखी बुजरी झाली होती. बंद खोलीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू दिसायला कितीही देखणे असले, तरी ते विकत घेताना हा प्रयोग आठवावा.

याच काळात भावंडांकडूनही शिक्षण चालू असते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्ले एकमेकांना सारखी चावतात. जोरात चावले की समोरचे केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती लावायचे याची समज त्यातून येते. महिनाभरातच उचलून आणलेल्या पिल्लाचे हे शिक्षण अर्धवट राहते, आणि मग घरातल्या मुलांच्या हातापायांवर ओरखडे उठतात. इटलीतील संशोधकांनी २०११ मध्ये ३० ते ४० दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि दोन महिन्यांपर्यंत आईपाशी राहिलेल्या कुत्र्यांची तुलना केली. लवकर तोडलेल्यांत भित्रेपणा, अति भुंकणे, नासधूस यांसारख्या तक्रारी अधिक आढळल्या. भारतात श्वान प्रजनन व विपणनासाठी २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तरीही सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात, कारण त्या वयात ती कापसाच्या गोळ्यासारखी दिसतात आणि घेणाऱ्याला मोह आवरत नाही. ‘दोन महिने होईपर्यंत आईपाशी राहू द्या, आम्ही थांबतो’ असे सांगणारे गिऱ्हाईक पिल्लाचे मोठे भले करते.

वेत पाहायला जावे ते आईला भेटण्यासाठी. विणीनंतर कुत्री थोडी सुकलेली, केस गळलेली असते, त्यात वावगे नाही. परका माणूस आल्यावर ती काय करते ते पाहावे. थोडे गुरगुरून, मालकाच्या शब्दावर शांत होणारी आई चांगली. कोपऱ्यात थरथरत बसणाऱ्या किंवा अंगावर धावून येणाऱ्या आईचा स्वभाव पिल्लांत रक्तातून उतरतो आणि तिच्या वागण्यातूनही, कारण ती दचकली की पिल्ले दचकायला शिकतात. ‘आई गावाकडे आहे’, ‘आई दुसऱ्याच्या शेतावर आहे’ असे उत्तर मिळाले तर पिल्लू कितीही आवडले तरी परत फिरावे. अशी पिल्ले अनेकदा लांबून, वेगवेगळ्या वेतांतून गोळा करून आणलेली असतात आणि त्या प्रवासातच पार्वोसारख्या जीवघेण्या आजाराची लागण होते. लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून तो ओळखता येत नाही. म्हणून आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. ते नसतील तर निदान दोघांना चालताना, जिना चढताना पाहावे.

अंगाची तपासणी त्या मानाने सोपी आहे. डोळे स्वच्छ, नाक वाहते नसलेले, हिरड्या गुलाबी, कानांत घाण वास नाही, मागचा भाग कोरडा. पोट जेवणानंतर गोल दिसतेच. पण अंग बारीक आणि पोट तेवढे डेऱ्यासारखे असेल तर जंतांची शंका घ्यावी. बेंबीपाशी मऊ फुगवटा लागला तर हर्निया असू शकतो. केस उलटे फिरवून पिसवा आणि गोचिडी पाहाव्यात. नर पिल्लाचे वृषण आठ आठवड्यांपर्यंत बहुधा खाली उतरलेले असतात. डाल्मेशियनसारख्या पांढऱ्या जातींत जन्मतः बहिरेपणा आढळतो. पिल्लू पाहत नसताना मागून टाळी वाजवली तर दोन्ही कानांनी बहिरे असलेले लक्षात येते, एका कानाने बहिरे असलेले मात्र निसटते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, असा क्रम असतो. लसीचे कार्ड हातात घेऊन त्यावरील तारखा वाचाव्यात, आणि घरी नेल्यावर एक-दोन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून पिल्लू तपासून घ्यावे.

वेतातल्या सर्वांत बारक्या पिल्लाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात : ते कमजोर निघते, नाही तर तेच सर्वांत जीव लावते. गर्भाशयात कमी पोषण मिळाल्याने एखादे पिल्लू लहान जन्मते. ते नीट पीत असेल, आठवड्यागणिक वजन धरत असेल आणि भावंडांच्या खेळात मागे राहत नसेल, तर त्याच्या बारकेपणाला घाबरू नये. केवळ दया येते म्हणून आजारी पिल्लू उचलणाऱ्याने मात्र दवाखान्याच्या फेऱ्यांची मनाची तयारी आधी करावी.

स्वभाव ओळखण्यासाठी पाश्चात्त्य देशांत ‘पिल्लू-चाचण्या’ निघाल्या. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी पिल्ले पारखताना अशा चाचण्यांचे महत्त्व वाढले. पुढे विल्यम कॅम्बेल यांनी आणि नंतर जॅक व वेंडी वोल्हार्ड या दांपत्याने सामान्य पाळणाऱ्यांसाठी त्यांची मांडणी केली. वोल्हार्ड चाचणी ४९ व्या दिवशी, पिल्लाला अनोळखी जागी, अनोळखी माणसाने घ्यायची असते. पिल्लू बोलावल्यावर येते का, मागे चालते का, उताणे धरले तर धडपडते की सैल पडते, आवाजाने दचकते का, असे पाहून गुण देतात. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डांवर झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या चाचणीवरून मोठेपणीची कामाची लायकी सांगता आली नाही. बॉर्डर कोलींवरील २०१४ च्या अभ्यासातही पिल्लूपण आणि मोठेपण यांचा मेळ फारसा बसला नाही. नवी जागा धुंडाळण्याची ओढ तेवढी काहीशी टिकून राहिलेली दिसली. तेव्हा चाचणीच्या गुणांवर सगळा भरवसा ठेवणे चुकीचे. तिचा उपयोग टोकाची पिल्ले ओळखण्यापुरता. स्टीलची वाटी जरा दूर पाडावी : बहुतेक पिल्ले दचकतात, आणि मग वास घ्यायला पुढे येतात. दचकणे स्वाभाविक आहे. सावरायला किती वेळ लागला ते महत्त्वाचे.

‘पिल्लूच आपल्याला निवडते’ असे अनेक जण मनापासून सांगतात. पहिले धावत आले ते आपले, ही कल्पना गोड आहे. पण त्या वेळी जे नुकतेच झोपेतून उठले असेल किंवा भुकेले असेल तेही पहिले येते. म्हणून एकाच भेटीत ठरवू नये. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी जावे, आणि पिल्लांना रोज पाहणाऱ्याला विचारावे. अर्ध्या तासात आपल्याला जे दिसत नाही ते त्या घरच्या आजीला ठाऊक असते : कोणते रात्री रडते, कोणते सगळ्यांना ढकलून पुढे घुसते, कोणते एकटेच दोरीशी खेळत बसते. लहान मुलांच्या घराला आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला दांडगे नको, फार बुजरेही नको, मधले बरे.

खेड्यांत परीक्षेच्या जुन्या रीती आहेत. कोणी टाळू काळा आहे का पाहतो, कोणी नखे मोजतो. ‘अठरा नखी खेटरे राखी, वीस नखी घर राखी’ अशी म्हण आहे. तिच्यातील अठरा नखी म्हणजे दाराशी राखण करणारा कुत्रा आणि वीस नखी म्हणजे मांजर, असा तिचा अर्थ सांगतात. कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार अशी अठराच नखे बहुधा असतात. मागे जादा नख असलेल्या पिल्लाला ‘वीसनखी’ म्हणून मान मिळतो. हे जादा नख आनुवंशिक असते, त्याचा धैर्याशी संबंध नाही. कान किंवा शेपूट धरून पिल्लू उचलायचे आणि न ओरडणारे निवडायचे ही रीत मात्र सोडूनच द्यावी. त्यात पिल्लाला वेदना होतात आणि माणसाचा हात म्हणजे दुखणे हा पहिला धडा मिळतो.

मराठवाड्यातील कारवान आणि कर्नाटकातील मुधोळ भागातील मुधोळ हाउंड हे एकाच घराण्यातले, नजरेने सावज हेरून धावणारे कुत्रे. त्यांचे पिल्लू लॅब्राडोरसारखे अनोळखी माणसाच्या मांडीवर चढत नाही, जरा अंतर राखून राहते. तो दोष समजू नये, तो त्या जातीचा पिंड आहे. अशा जातीचे पिल्लू घेताना रोज मोकळे धावायला जागा आहे का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

गावठी पिल्लांची निवड वेगळी. ‘भाद्रपदातली कुत्री’ हा वाक्प्रचार माजाच्या काळावरून आलेला. त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या सुमारास, गल्लीबोळांत वेते दिसू लागतात. इथे विक्रेता नसतो, कार्डही नसते, पण आई समोर असते आणि सबंध गल्ली तिला ओळखते. ती जिवंत व धडधाकट असेल तर दोन महिने होईपर्यंत पिल्लू तिच्याकडून हलवू नये. तोवर तिलाच खाऊ घालावे, पिल्लांना रोज हात लावून माणसांची सवय करावी, आणि पिल्ले सुटी झाली की आईची नसबंदी करून घ्यावी. नेण्याच्या दिवशी आईच्या अंगाखालचे फडके बरोबर न्यावे. पहिल्या काही रात्री पिल्लू त्यावर नाक टेकून झोपते.