शुक्राच्या वातावरणाचे अतिपरिवलन

शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला २४३ दिवस लागतात. त्याच्या ढगांचे माथे मात्र सुमारे चार दिवसांतच ग्रहाला वळसा घालतात. ग्रहाच्याच दिशेने, पण त्याच्या कितीतरी पट वेगाने वातावरण फिरण्याच्या या प्रकाराला अतिपरिवलन म्हणतात. सुमारे ७० किमी उंचीवर वारा ताशी ३६० किमीच्या आसपास वाहतो. जमिनीलगत तो माणसाच्या चालीपेक्षाही संथ असतो.

डोळ्यांना शुक्राची चांदणी नितळ पांढरी दिसते. अतिनील प्रकाशात मात्र तिच्यावर गडद पट्टे उमटतात. आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिल येथे न्यायाधीश असलेले हौशी निरीक्षक शार्ल बॉयेर यांनी १९५७ मध्ये अशी छायाचित्रे घेतली, तेव्हा तीच गडद खूण दर चार दिवसांनी परत येताना दिसली. अनेकांना हे बराच काळ पटले नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या मरिनर-१० यानाच्या चित्रांनी बॉयेर यांचे निरीक्षण खरे ठरवले. एका हौशी माणसाच्या चिकाटीचे हे मोठे यश आहे.

शुक्राच्या पृष्ठभागावरचे तापमान सुमारे ४६५° से. आहे आणि दाब पृथ्वीच्या ९२ पट. याचे कारण कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण. हवा इतकी जड की खाली दिवस-रात्रीच्या तापमानात जवळजवळ फरक पडत नाही. उंचीनुसार तापमान मोजण्याची सर्वांत सुंदर रीत म्हणजे रेडिओ पिधान. यान ग्रहाआड जाताना त्याचा संदेश वातावरणातून वाकून येतो. वारंवारतेतल्या बारीकशा बदलावरून हवेची घनता आणि घनतेवरून तापमान काढतात. जपानच्या आकात्सुकी यानाचे असे संदेश बंगळुरूजवळच्या ब्यालालू केंद्रातही टिपले गेले.

वारा थेट मोजला तो जून १९८५ मध्ये सोव्हिएत वेगा मोहिमांच्या दोन फुग्यांनी. सुमारे ५४ किमीवर, पृथ्वीच्या निम्म्या दाबात, गंधकाम्लाच्या ढगांतून ते ताशी सुमारे २४० किमी वेगाने वाहत गेले. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दिवस, पृथ्वीवरच्या दुर्बिणी त्यांचा माग घेत होत्या.

एवढा वेग टिकतो कसा, हा खरा प्रश्न. घर्षणाने तो ओसरायला हवा. आकात्सुकीच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये असे दिसले की सूर्याच्या उष्णतेने ढगांत उठणाऱ्या औष्णिक भरती-लहरी विषुववृत्ताजवळ वाऱ्याला सतत रेटा देतात. ढगांखालच्या दाट थरांना हा वेग कुठून मिळतो, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.