छायाचित्र-संयोजन प्रणाली

छायाचित्र-संयोजन प्रणाली : संगणकावर वा फोनवर साठलेल्या छायाचित्रांची नोंद ठेवून ती तारीख, स्थळ, व्यक्ती किंवा विषय यांनुसार शोधून देणारी आज्ञावली. बहुतेक प्रणालींत छायाचित्र सुधारण्याचीही सोय असते. ती येथे गौण धरली आहे [⟶ छायाचित्रण].

लाइटरूम, डिजीकॅम यांसारख्या प्रणालींत छायाचित्रे मुळात ‘आत’ नसतात. फाइली डिस्कवर आपापल्या फोल्डरमध्येच राहतात आणि प्रणालीकडे असतो तो कॅटलॉग : प्रत्येक फाइलचा पत्ता, छोटी प्रतिमा आणि टॅग (चित्राला जोडलेले शोधशब्द) यांची नोंदवही. म्हणून फोल्डरचे नाव प्रणालीबाहेरून बदलले की चित्रावर ‘फाइल सापडत नाही’ अशी खूण येते. अशा वेळी चित्रे पुन्हा आयात करू नयेत, कारण नव्या नोंदी कोऱ्या येतात आणि टॅग जुन्या नोंदींना चिकटून राहतात. हरवलेल्या फोल्डरचा नवा पत्ता दाखवून द्यावा. अॅपल फोटोज याला अपवाद. ती सामान्यतः मूळ फाइल स्वतःच्या लायब्ररीत घेते. फाइल एकाच फोल्डरमध्ये असते, ती ज्यांत दाखवायची ते अल्बम (प्रणालीतील चित्रांच्या याद्या) मात्र हवे तितके. अल्बममधून काढलेले चित्र डिस्कवर राहते, फोल्डरमधून काढलेले जाते. घरोघरी चित्रे हरवतात ती बहुधा या दोहोंची गल्लत होऊन.

उगम : पहिली प्रणाली कोणती, हे व्याख्येवर ठरते. एका मतानुसार १९९० च्या दशकाच्या आरंभीचे मुद्रण-व्यवसायातील चित्रसूची कार्यक्रम हे मूळ होय. दुसऱ्या मतानुसार वृत्तसंस्थांनी साधारण त्याच सुमारास ठरवलेले आयपीटीसी हे माहितीचे रकाने अधिक महत्त्वाचे, कारण वर्णन चित्रासोबतच पाठवण्याची रीत तेथे रूढ झाली. प्रणाली बंद पडली तरी वर्णन उरावे, ही आजची मुख्य गरज पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच वस्तूला अनेक नोंदींतून वाट काढून देण्याची कल्पना अर्थात ग्रंथालयांच्या कार्ड-सूचीइतकी जुनी आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास नेमले व त्यांनी संस्थानासाठी वर्गीकरण-पद्धती आखली. येथील वाचकास टॅग समजावताना हा दाखला सोयीचा पडतो, त्याहून अधिक संबंध जोडू नये. कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेल्या माहितीचे एक्झिफ हे मानक १९९५ चे, तर वर्णन, टॅग इत्यादी माहिती लिहिण्याचे एक्सएमपी हे मानक २००१ चे आहे. घरगुती वापरात पिकासा (२००२, २००४ पासून गूगलकडे) लोकप्रिय होती, ती २०१६ मध्ये बंद झाली.

तारीख : एक्झिफमध्ये ‘टिपल्याची तारीख’ आणि ‘अंकीकरणाची तारीख’ हे वेगळे रकाने आहेत. स्कॅन केलेल्या जुन्या चित्रात पहिला सहसा रिकामा असतो. मग १९६२ सालचे मुंजीचे चित्र स्कॅन केल्याच्या दिवसाखाली जाऊन बसते. एक्सएमपीत नुसते वर्ष लिहिता येते. एक्झिफमध्ये तशी सोय नसल्याने अनेक प्रणाली १ जानेवारी घालतात. तेव्हा अशा चित्रांना ‘अंदाजे’ हा टॅग जोडावा. चित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. ४ × ६ इंची प्रत ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केल्यास २४०० × ३६०० बिंदूंची प्रतिमा मिळते व ती सामान्य गरजेस पुरते.

एक्झिफच्या वेळेत कालविभाग मुळात नव्हता. त्याचा रकाना २०१६ च्या आवृत्तीत आला. न्यू जर्सीहून हिवाळ्यातल्या लग्नाला बडोद्यात आलेल्या पाहुण्याने कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले नाही, तर ते साडेदहा तास मागे राहते आणि सकाळी साडेनऊची हळद आदल्या रात्री अकराची दिसते. उपाय असा : कॅमेऱ्यानुसार गाळणी लावून त्या कॅमेऱ्याची सर्व चित्रे निवडावीत आणि वेळ एकदम १० तास ३० मिनिटांनी पुढे सरकवावी. आधी एका चित्रावर पडताळावे. तोच हुकूम चुकून दोनदा दिला की वेळही दोनदा सरकते. व्हॉट्सअॅपवरून साधे चित्र म्हणून आलेल्या फाइलीत एक्झिफ उरत नाही, आणि तिच्या नावातील तारीख चित्र टिपल्याची असेलच असे नाही.

देवनागरी टॅग : जुन्या आयपीटीसीत टॅगची मर्यादा ६४ बाइट आहे, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना, वेलांटी आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ’ या नावाला त्यामुळे ७४ बाइट लागतात. मर्यादा काटेकोर पाळणारी प्रणाली ते ‘महाराजा सयाजीराव विद्य’ एवढ्यावर तोडते आणि पुढे एखादे चौकोनी चिन्ह उरते. एक्सएमपीला ही अडचण नाही. सेटिंगमध्ये ‘मेटाडेटा (चित्राविषयीची माहिती) एक्सएमपीत लिहा’ अशा अर्थाचा पर्याय असल्यास तो निवडावा.

‘कऱ्हाडे’मधला आडवा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. टॅगच्या यादीत एकच आडनाव दोनदा दिसू लागले की कारण बहुधा हेच. दोन्ही टॅग एकत्र करावेत. शहराच्या नावाचे तसेच. जुन्या अल्बमांवर बडोदे, इंग्रजी शिक्क्यांत बरोडा आणि नकाशावरून आपोआप येणारे वडोदरा (१९७४ पासूनचे अधिकृत नाव). लाइटरूममध्ये टॅगला समानार्थी शब्द जोडता येतात. इतरत्र एक रूप ठरवून तेच पाळावे. दांडिया बाजार, रावपुरा हे शहरातील भाग शहराच्या टॅगखालचे उपटॅग करावेत.

चेहरा-ओळख : बऱ्याच प्रणाली चेहऱ्यांचे गट करतात व नाव वापरणाऱ्याने द्यायचे असते. बालपण आणि वार्धक्य यांतील चेहरा पुष्कळदा वेगळी व्यक्ती धरला जातो. नावे कोठे लिहिली जातात हे आधी पाहावे. पिकासा ती मूळतः फोल्डरमधील एका लपलेल्या मजकूर-फाइलीत ठेवीत असे, त्यामुळे नुसती चित्रे नव्या डिस्कवर नेणाऱ्यांची नावे मागेच राहिली.

बॅकअप घेताना कॅटलॉग आणि चित्रांचे फोल्डर असे दोन्ही घ्यावे लागतात. लाइटरूम बंद करताना विचारते तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, चित्रांचा नव्हे.