बंदीचा उपचारक आणि न्यायालयाचा तपासनीस
आर्थर रोड, भायखळा आणि तळोजा येथील कारागृहांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षित मनुष्यबळ हवे, याविषयी दुमत नाही. मात्र प्रशिक्षणाचा विषय निघाला की बंदीवर उपचार करणारा आणि न्यायालयासाठी त्याची तपासणी करणारा यांना सर्रास एकच मानले जाते, आणि ही सरमिसळ मला अत्यंत घातक वाटते.

पदवीचा फरक येथे गौण आहे. मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, हे सर्वांना ठाऊक असते.

खरा फरक काम कोणासाठी चालले आहे, यात आहे. उपचारक बंदीसाठी काम करतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने बंदीलाही गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवाद तेथेच नमूद आहेत. तपासनीस न्यायालयाच्या प्रश्नाला उत्तर देतो: आरोपीला आज खटला समजतो का, किंवा कृत्याच्या वेळी त्याला त्याचे स्वरूप कळत होते का. (हे दोन प्रश्नही वेगळे आहेत, पहिला आजच्या स्थितीचा, दुसरा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे मानसिक आजारामुळे कृत्याचे स्वरूप न कळणाऱ्याचे कृत्य गुन्हा न मानण्याच्या तरतुदीचा.)

समजा, झोप उडालेला एक कच्चा कैदी तिसऱ्या भेटीत समुपदेशकाशी ‘त्या रात्री’विषयी प्रथमच बोलतो. पुढच्या आठवड्यात त्याच समुपदेशकाला अहवाल लिहायला सांगितले, तर ऐकलेले लिहिल्यास विश्वासघात होतो आणि गाळल्यास अहवाल अपुरा राहतो. ही गोष्ट बरॅकमध्ये पसरायला एक संध्याकाळ पुरते. त्यानंतर त्या खोलीत कोणीही मन मोकळे करत नाही.

म्हणून तपासनिसाचे पहिले वाक्य हेच असले पाहिजे: “मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही, तुम्ही सांगाल ते अहवालात येऊ शकते.” त्यानंतर बंदीचे म्हणणे त्याने आरोपपत्र, कारागृहातील वैद्यकीय नोंदी आणि नातेवाइकांची माहिती यांच्याशी ताडून पाहावे.

याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. ते प्रशिक्षण उपचाराचे आहे; त्या बळावर त्यांच्याकडून न्यायालयीन अहवाल मागू नयेत. एकाच व्यक्तीने दोन्ही कामे शिकण्यास माझी हरकत नाही, परंतु एकाच बंदीच्या बाबतीत ती दोन्ही करू नयेत, आणि कारागृहात दुसरा तज्ज्ञ नसेल तर तपासणी बाहेरच्या तज्ज्ञाकडे सोपवावी.