साल्गिनाटोबेल पूल

साल्गिनाटोबेल पूल हा स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील, प्रॅटिगाउ खोऱ्यातल्या शिअर्स या गावाजवळचा सलोह (आत लोखंडी सळया घातलेल्या) काँक्रीटचा कमानी रस्तापूल आहे. शिअर्स आणि डोंगरावरील शुडर्स ही लहानशी वस्ती यांना जोडण्यासाठी तो १९२९-३० मध्ये बांधण्यात आला. त्याच्या कमानीचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधले अंतर, सुमारे ९० मीटर, एकूण लांबी सुमारे १३२ मीटर असून साल्गिना ओढ्याच्या घळीपासून रस्ता जवळजवळ ९० मीटर उंचीवर आहे. एकेरी वाहतुकीच्या या अरुंद पुलाचे जगभर नाव झाले ते आकारमानामुळे नव्हे, कारण त्याहून मोठ्या काँक्रीटच्या कमानी तेव्हाही उभ्या होत्या.

पुलाचा अभिकल्प रोबेर मायार (१८७२–१९४०) या स्विस अभियंत्याचा आहे. त्याचे मूळ मायारच्या दोन आधीच्या पुलांत सापडते. झुओझ येथील पुलात (१९०१) त्याने कमान, बाजूच्या भिंती आणि रस्त्याची फरशी यांची मिळून एक पोकळ पेटी केली होती. पण काही वर्षांत काठांकडील भिंतींना भेगा पडल्या. भेगा पडलेला भाग भार पेलण्यास मुळात आवश्यकच नव्हता, असे मायारने ओळखले आणि टावानासा येथील पुलात (१९०५) तेथील भिंती त्याने सरळ वगळल्या. तो पूल १९२७ मध्ये दरड कोसळून नष्ट झाला. पुढच्याच वर्षी शिअर्सच्या पुलासाठी झालेल्या स्पर्धेत मायारने तीच रचना जवळजवळ दुप्पट गाळ्यासाठी मांडली आणि आलेल्या १९ प्रस्तावांत सर्वांत कमी खर्चाचा ठरल्याने तो प्रस्ताव निवडला गेला. म्हणजे आज ज्या रेखीवपणाची वाखाणणी होते, तो मुख्यतः काटकसरीतून आलेला आहे.

कमानीला दोन्ही काठांवर एकेक आणि माथ्यावर एक अशा तीन बिजागऱ्या आहेत. त्यामुळे उष्णतेने काँक्रीट प्रसरण पावले किंवा पाया किंचित खचला, तरी कमान बिजागऱ्यांपाशी थोडी वळते आणि तिच्यात जादा ताण साठत नाहीत. बिजागरीशी वाकविणारा परिणाम शून्य असतो. उलट अर्ध्याच पुलावर भार आला, तर गाळ्याच्या चतुर्थांश बिंदूंजवळ, म्हणजे टोकांपासून पाव अंतरावर, तो सर्वाधिक होतो. कमान टोकांना व माथ्याला सडपातळ आणि त्यांच्या दरम्यान जाड दिसते ती याच हिशेबाने.

घळीतील लाकडी परांची रिखार्ड कोराय याने रचली; काँक्रीटच्या पुलाइतकेच तिचेही कौतुक व्हायला हवे. आधी कमानीची पातळ तळफरशी ओतून ती कठीण होऊ दिली आणि मग तिच्याच आधाराने भिंती व वरचा भाग ओतला. परांचीला संपूर्ण कमानीचे वजन पेलावे न लागल्याने ती हलकी व स्वस्त ठेवता आली.

मायार स्वतः या पुलावर पूर्णतः समाधानी नव्हता. माथ्यापाशी कमानीची खालची कडा गोलसर ठेवणे ही त्याला जुन्या दगडी कमानींच्या वळणाला दिलेली सूट वाटे, आणि फेल्झेग येथील पुलात (१९३३) त्याने ती कडा माथ्यावर टोकदार केली. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने १९९१ मध्ये साल्गिनाटोबेल पुलाला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थापत्य-अभियांत्रिकी स्मारक म्हणून मान्यता दिली. पाणी झिरपून खराब झालेल्या काँक्रीटची १९९७-९८ मध्ये मोठी दुरुस्ती करण्यात आली.