हिमावर पडणारा पाऊस आणि पुराचा अंदाज : पार्श्वभूमी

वडोदऱ्यात पावसाचा जोर वाढला की काळा घोडा पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले याची चौकशी घरोघरी सुरू होते. २६ फूट ही विश्वामित्रीची धोक्याची पातळी येथे मुलांनाही ठाऊक असते. पावागढाच्या बाजूने येणाऱ्या या नदीला पाणी पुरवतो तो केवळ पाऊस. हिमाच्छादित पर्वतात मात्र आजच्या पावसात हिवाळाभर साठलेले पाणीही मिसळते, आणि ते किती मिसळेल, हा प्रश्न जुना आहे.

आधी साठा मोजणे भाग होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणारे जेम्स चर्च माउंट रोझवर जाऊन पोकळ नळी बर्फात खोलवर खुपसत आणि ती भरलेली नळी तोलत. वजनावरून त्या थरात पाणी किती आहे ते कळे. नुसती जाडी फसवी असते, कारण ताज्या हिमाच्या एक मीटर थरातून साधारण दहाच सेंटिमीटर पाणी निघते.

पाऊस बर्फाला वितळवतो कसा, याची सविस्तर मांडणी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९५६ मध्ये केली, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचे काम तेच. दहा अंश सेल्सिअसचा १०० मिलिमीटर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम १२ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. पण दमट वाऱ्यातील बाष्प बर्फावर १ मिलिमीटर जरी साचले, तरी त्यातून सुटणारी उष्णता साडेसात मिलिमीटरांना पुरते. म्हणून सूत्रांत वाऱ्याचा वेग आणि आर्द्रता आली. शिवाय थंडगार कोरडा थर पाऊस शोषून गोठवतो, तर शून्य अंशावर आलेला, आधीच भिजलेला थर तो खाली सोडून देतो.

हिमजलशास्त्रज्ञ मार्टिनेक यांचे १९७५ चे, वितळत्या हिमातून नदीत किती पाणी येईल ते सांगणारे प्रारूप तापमान आणि हिमाच्छादित क्षेत्र यांवर चालते. निरीक्षण केंद्रे विरळ असलेल्या हिमालयात अशा पद्धतींना पर्याय नाही, परंतु वादळी रात्रीचा वारा त्यांना दिसत नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथजवळच्या चोराबारी येथे २४ तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तोही वरच्या उतारांवर हिम शिल्लक असताना. वितळलेले पाणी आणि पाऊस तिथल्या सरोवरात साचले आणि अखेर हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, बांध फुटला.