३१ जानेवारी २०२०: बीएसएनएल एका दिवसात निम्मं झालं, त्यामागची गोष्ट

३१ जानेवारी २०२० हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी भारत संचार निगम लिमिटेडचे ७८ हजारांहून अधिक आणि महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी निवृत्त झाले. बीएसएनएलमध्ये तोवर दीड लाखाच्या आसपास माणसं होती, म्हणजे निम्म्याहून जास्त घरी गेली. मुंबई आणि दिल्ली सांभाळणाऱ्या एमटीएनएलमध्ये तर चार-साडेचार हजारच उरली. इतकी मोठी कपात, आणि दारात निदर्शनं नाहीत, टाळेबंदी नाही. उलट ४ नोव्हेंबर २०१९ ला स्वेच्छानिवृत्तीची योजना खुली झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच अर्जांचा ढीग लागला होता.

याचं श्रेय किंवा दोष कुणी जिओला देतं, कुणी सरकारला. दोन्हींत तथ्य आहे. पण लोक इतक्या मुकाट्याने, काही जण तर सुटकेच्या भावनेने का गेले, हे कळायला जिओच्या फार मागे जावं लागतं. माझ्या मते या कपातीचं बीज दोन ठिकाणी पेरलं गेलं: ऐंशीच्या दशकातल्या भरतीत आणि २००० सालच्या एका संपात.

आधी भरतीचं पाहू. १९८० च्या सुमारास टेलिफोनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, ही रीतच होती. तेव्हा दूरसंचार हे केंद्र सरकारचं खातं होतं आणि प्रत्येक जोडणीला हात लागत. खांब रोवणारे, केबल जोडणारे जॉइंटर, डीपी बॉक्स (वस्तीतली जोडणीपेटी) उघडून फॉल्ट शोधणारे लाइनमन, एक्सचेंजमध्ये खटखटणाऱ्या स्ट्राउजर यंत्रांची निगा राखणारे टेक्निशियन आणि ट्रंक कॉल लावून देणाऱ्या ऑपरेटर बाया. १९८४ साली देशी दूरसंचार तंत्र विकसित करणाऱ्या सी-डॉट या सरकारी संस्थेची स्थापना झाली, फ्रेंच तंत्राची डिजिटल एक्सचेंजं आली, एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक गल्लोगल्ली लागले. जाळं झपाट्याने वाढू लागलं आणि खड्डे खणायला, केबल टाकायला रोजंदारीवर माणसं घेतली गेली. खात्यात त्यांना सरसकट ‘मजदूर’च म्हणत. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने या रोजंदारीवाल्यांना कायम करण्यासाठी योजना आखा, असं खात्याला सांगितलं. त्यातून १९८९ ची योजना आली: आधी तात्पुरता दर्जा, मग यथावकाश नियमित नोकरी. ‘टीएसएम’ (टेम्पररी स्टेटस मजदूर) ही अक्षरं ज्यांनी मिरवली त्यांना अजून आठवत असतील.

गंमत अशी की नवं तंत्र आल्यावर माणसं कमी लागणार, हे तेव्हाही दिसत होतं. एसटीडीने ट्रंक ऑपरेटरचं काम खाल्लं, डिजिटल एक्सचेंजने यंत्रं साफ करणाऱ्यांचं. पण खात्याने कुणाला काढलं नाही. दुसरं काम दिलं, प्रशिक्षण दिलं, पदाचं नाव बदललं. लाइनमनचा फोन मेकॅनिक झाला, पुढे टेलिकॉम टेक्निशियन. सरकारी खात्याला ते परवडतही होतं, कारण बाजारात दुसरं कुणी नव्हतंच. मात्र खालच्या पदांवरची भरती हळूहळू आटली. ऐंशीच्या दशकात विशी-पंचविशीत आत आलेला हा मोठा जथा एकत्रच म्हातारा होत गेला. २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची अट ‘वय ५० वर्षं पूर्ण’ अशी ठेवली गेली, तेव्हा त्या जाळ्यात बहुतांश कंपनी आपोआप आली.

मधल्या काळात बाजार उघडला. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना वाट दिली, १९९५ च्या जुलैअखेर देशातला पहिला मोबाइल कॉल लागला, १९९७ साली ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली. धोरण ठरवणारं खातंच सेवाही देतं, हे फार काळ चालणार नव्हतं. मग १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचा सेवा पुरवणारा भाग वेगळा होऊन बीएसएनएल ही कंपनी जन्माला आली. एमटीएनएल १९८६ पासूनच वेगळी होती.

आता त्या संपाकडे. साडेतीन-चार लाख सरकारी नोकर एका रात्रीत कंपनीचे नोकर होणार होते. उद्या कंपनी बुडाली तर पेन्शन कोण देणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. सप्टेंबर २००० मध्ये तिन्ही मोठ्या महासंघांनी संप केला आणि सरकारला लेखी हमी द्यावी लागली. पेन्शन नियमांत ‘३७-अ’ हे कलम आलं. खात्यातून कंपनीत सामावून घेतलेल्यांना सरकारी पेन्शन मिळेल आणि ती सरकारच्या तिजोरीतून मिळेल. एमटीएनएलच्या लोकांना अशी सोय व्हायला २०१४ उजाडलं. संघटनांच्या सभांत ‘सदतीस-अ’ हा शब्द आजही ज्या आदराने उच्चारला जातो, त्याचं कारण हेच. एकोणीस वर्षांनी याच कलमाने कपात सोपी केली, हे तेव्हा कुणाच्या मनातही नसेल.

सुरुवातीची वर्षं तर सुगीची होती. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा सिमकार्डसाठी रांगा लागल्या. २००४-०५ मध्ये कंपनीने दहा हजार कोटी रुपयांच्या वर नफा दाखवला. लँडलाइन तीन कोटींच्या पुढे होत्या. आणि नेमकं याच काळात घोडं पेंड खाऊ लागलं. मोबाइल जाळं वाढवण्यासाठी साडेचार कोटी जोडण्यांची निविदा निघाली; ती वादात सापडली आणि अखेर निम्म्यावर आली. त्यानंतरची ९ कोटी ३० लाख जोडण्यांची निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. खासगी कंपन्या महिन्याला लाखोंनी ग्राहक जोडत असताना इथे फायली फिरत होत्या. एक्सचेंजमधल्या माणसाला विचाराल तर तो जिओच्या आधी या दोन निविदांचं नाव घेईल, आणि ते बरोबर आहे.

२००९-१० मध्ये बीएसएनएलला पहिल्यांदा तोटा झाला, १,८२३ कोटींचा. त्याच सुमारास ३जी आणि ब्रॉडबँड लहरींसाठी (स्पेक्ट्रम) कंपनीने सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये मोजले. लिलावात उतरण्याची मुभा नव्हती, पण खासगी कंपन्यांनी बोली लावून चढवलेली किंमत मात्र भरावी लागली. गंगाजळी आटली. एमटीएनएलने अकरा हजार कोटींच्या आसपासची आपली रक्कम कर्ज काढून भरली आणि त्या कर्जातून ती पुन्हा वर आलीच नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं. बीएसएनएलकडे तेव्हा ४जीच नव्हतं. दर कोसळले, उत्पन्न घसरलं आणि पगाराचा बोजा मात्र तसाच राहिला. २०१९ मध्ये बीएसएनएलच्या उत्पन्नातले जवळपास तीन-चतुर्थांश पैसे कर्मचाऱ्यांवर खर्च होत होते, एमटीएनएलमध्ये तर त्याहून जास्त. खासगी कंपन्यांत हाच आकडा फार तर पाच-सहा टक्के, असं तेव्हा वारंवार सांगितलं जाई. ही तुलना मला अर्धवट वाटते. खासगी कंपन्यांची टॉवर-देखभालीपासून कॉल सेंटरपर्यंतची बरीच कामं बाहेरचे कंत्राटदार करतात आणि त्यांचे पगार या रकान्यात दिसत नाहीत. तरीही तीन-चतुर्थांश हा आकडा कुठल्याही हिशेबाने झेपणारा नव्हता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बीएसएनएलचा पगार पहिल्यांदाच रखडला. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं महिन्याचा शेवटचा दिवस गृहीत धरला होता, त्यांच्यासाठी हा धक्का आकड्यांहून मोठा होता. कंत्राटी कामगारांचे हाल तर याहून वाईट. त्यांचे पैसे कित्येक महिने थकले आणि पुढे अनेकांना एका ओळीच्या पत्राविना थांबवलं गेलं. निवृत्तीचं वय ६० वरून ५८ करणार, अशीही कुजबुज होती. तिसरी वेतनसुधारणा तोट्यामुळे मिळणार नाही, हे तर स्पष्टच होतं.

अशा वातावरणात २३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६९ हजार कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. ४जी लहरी, रोख्यांना सरकारी हमी, दोन्ही निगमांचं विलीनीकरण, आणि स्वेच्छानिवृत्ती. हिशेब गुजरात पद्धतीचा: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार. शिवाय पेन्शन लगेच सुरू. पंचावन्न वर्षांच्या टेक्निशियनने घरी बसून हा हिशेब मांडला असेल तर त्यात धाडस असं काही नव्हतंच. एका पारड्यात कधी होईल ठाऊक नसलेला पगार, दुसऱ्यात ‘सदतीस-अ’ची पेन्शन. तो दुसरीकडे झुकला. २००० चा संप झाला नसता तर ३ डिसेंबरपर्यंत ९२ हजारांहून जास्त अर्ज आले असते, असं मला वाटत नाही.

त्याच काळात खासगी क्षेत्रातही माणसं जात होतीच. एअरसेल दिवाळखोरीत निघाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. तिथे पेन्शन नव्हती. नोटीस आणि काही महिन्यांचा पगार, एवढंच. त्यांची मोजदादही एका ठिकाणी नाही.

१ फेब्रुवारी २०२० नंतर बीएसएनएलची लँडलाइन देखभाल बरीचशी कंत्राटदारांकडे गेली. कोणती केबल कुठल्या रस्त्याखालून जाते, हे नकाशापेक्षा ज्यांच्या डोक्यात जास्त होतं ती माणसं निघून गेली होती. विलीनीकरण रेंगाळलं, ४जीची निविदा त्याच वर्षी रद्द झाली. २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटींचं आणि २०२३ मध्ये ८९ हजार कोटींचं अशी आणखी दोन पॅकेजं आली. देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. त्याआधी २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीने २६२ कोटींचा नफा दाखवला, सरकारच्या सांगण्यानुसार तब्बल सतरा वर्षांनी.

दुसऱ्या स्वेच्छानिवृत्तीची चर्चा अधूनमधून उठते. पण २००० नंतर थेट कंपनीत भरती झालेल्या जेटीओंना (कनिष्ठ दूरसंचार अधिकारी) आणि इतरांना ३७-अ लागू नाही. त्यांना भविष्य निर्वाह निधी आणि कंपनीच्या निवृत्तिलाभ निधीतलं योगदान मिळतं, आणि ते वाढवून ३० टक्के करा, ही त्यांची जुनी मागणी आहे. जुने कर्मचारी दरवर्षी निवृत्त होताहेत, तसं या नव्यांचं प्रमाण वाढतंय. पुढच्या वेळी ‘वय वर्षं ५०’ची ओळ आखली, तर तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे तो २०१९ चा हिशेब नसेल.